थरथरणारा पंप : दुखणे कोठे आहे ते कसे ओळखावे

गोंदिया जिल्ह्याच्या देवरी तालुक्यातील चिचगड हा धानाचा व जंगलाचा मुलूख आहे. पावसाळी धानाला तेथे पाऊस, बोड्या आणि जुने मालगुजारी तलाव यांचा आधार मिळतो. उन्हाळी धानाचे मात्र तसे नाही. एकदा रोवणी झाली की बांधीत पाणी राखण्याचे काम विहिरीवरील किंवा नाल्याच्या काठावरील पंपाला करावे लागते. चैत्राच्या सुमारास धान पोटरीत येते व निसवू लागते. या वेळी पाण्याचा ताण पडला तर लोंबीत दाणा भरत नाही, आणि पुढे कितीही पाणी दिले तरी ती हानी भरून येत नाही. नेमक्या याच दिवसांत विहिरीचे पाणी खाली जाते, विजेचा दाब कमी-अधिक होतो आणि पंपाला अधिक तास चालावे लागते. पिकाला पाण्याची निकड आणि पंपाला बिघाडाचा धोका या दोन्ही गोष्टी अशा एकाच वेळी येतात.

पंप सहसा एकाएकी बंद पडत नाही. बंद पडण्यापूर्वी कित्येक दिवस, कधी कित्येक आठवडे, तो थरथरून सूचना देत असतो. ही सूचना शेतकऱ्याच्या कानी पडतेही; परंतु तिचा अर्थ न लावता बोल्ट आवळले जातात, अथवा मिस्त्रीला बोलावून बेअरिंग बदलले जाते. थोडे दिवस बरे जातात आणि थरथर पुन्हा सुरू होते. बेअरिंग दुसऱ्यांदा जाते, तिसऱ्यांदा जाते, आणि शेवटी मोटर जळते. खर्च झाला तो लक्षणावर. मूळ दुखणे तसेच राहिले. वैद्य नाडी पाहिल्याशिवाय औषध देत नाही. पंपाच्या बाबतीतही आधी निदान आणि मग दुरुस्ती हाच क्रम असला पाहिजे. हे निदान करण्यास फार मोठी उपकरणे लागतात असे नाही. चार साध्या परीक्षा क्रमाने केल्या, तर दोष विजेत आहे, यंत्रात आहे, बैठकीत आहे की पाण्याच्या बाजूला आहे, एवढे बहुतेक वेळा गावातच कळू शकते.

परीक्षेपूर्वीची सावधगिरी

थरथरणाऱ्या मोटरीत विजेचा धोका नेहमीपेक्षा अधिक असतो. सततच्या कंपाने जोडणीचे स्क्रू सैल होतात, तारेवरील आवरण घासले जाते आणि अर्थिंगची तार तुटते. अशा वेळी मोटरीच्या सांगाड्यात वीज उतरली व शेतकरी ओल्या जमिनीवर उभा असला तर प्राणावर बेतते. म्हणून मोटरीला हात लावण्यापूर्वी टेस्टरने तपासावे व अर्थिंगची तार शाबूत असल्याची खात्री करून घ्यावी. पायांत कोरडी पादत्राणे असावीत. शेला, धोतराचा सोगा किंवा साडीचा पदर फिरत्या भागापासून दूर बांधलेला असावा. बोल्ट सोडणे, कपलिंग उघडणे, टेकू लावणे ही सर्व कामे मेन स्विच बंद करून व फ्यूज काढूनच करावीत. कारण ऑटो स्विच लावलेला पंप वीज येताच आपोआप सुरू होतो. स्टार्टर किंवा मोटरीची जोडणपेटी उघडण्याचे काम जाणकार वीजतंत्र्यावर सोपवावे.

कंप कोठून येतो

कोणतेही फिरते यंत्र थोडेफार थरथरतेच. इंपेलर, म्हणजे पंपातील पंखा, अगदी समतोल असा कधीच नसतो. प्रश्न असतो तो थरथर वाढण्याचा. ती का वाढते हे समजण्यासाठी एक साधा हिशेब उपयोगी पडेल. तलावातील शेवाळ, चिंधी किंवा गाळ पंख्याच्या एका पाकळीत अडकला, त्याचे वजन केवळ १०० ग्रॅम असले आणि तो मध्यापासून ८ सेंटिमीटरवर बसला असे धरू. पंप मिनिटाला १४४० फेरे घेत असेल तर हा एवढासा गाळ दंडाला सुमारे १८ किलो वजनाइतक्या जोराने बाहेर ओढतो. तोच पंप मिनिटाला २८८० फेऱ्यांचा असेल तर हा जोर सुमारे ७४ किलो होतो. गती दुप्पट झाली की ओढ चौपट होते. आणि ही ओढ एका दिशेला राहत नाही. दंडाबरोबर ती फिरत असल्याने बेअरिंगला व पायाला दर फेऱ्याला एक हिसका बसतो.

गोट्यांच्या बेअरिंगवरील भार दुप्पट झाला तर त्याचे आयुष्य सुमारे आठव्या हिश्श्यावर येते, असा यंत्रशास्त्राचा नियम आहे. नवे बेअरिंग पुन्हा पुन्हा का जाते, याचे उत्तर या नियमात आहे. बेअरिंग वाईट नसते; त्याच्यावर पडणारा भार वाईट असतो.

कंप सेकंदाला किती वेळा होतो, यावरूनही दोषाचा माग लागतो. मिनिटाला १४४० फेऱ्यांची मोटर सेकंदाला २४ फेरे घेते. असमतोलाचा हिसका सेकंदाला २४ वेळा बसतो. तो जाड, घरघरणारा जाणवतो. मोटर व पंप यांचे दंड एका रेषेत नसतील तर २४ बरोबरच ४८ चाही कंप दिसू लागतो. विजेमुळे होणारा गुणगुणाट सेकंदाला १०० चा असतो, कारण आपल्या देशातील वीज सेकंदाला ५० आवर्तनांची आहे आणि चुंबकाची ओढ दर आवर्तनात दोनदा येते. बेअरिंग खराब झाल्याचा आवाज याहून बारीक व खरखरीत असतो. कोरड्या लाकडी काठीचे एक टोक बेअरिंगच्या घरावर व दुसरे कानाजवळच्या हाडावर टेकले, तर हा भेद कानाला चांगला कळतो. फिरत्या दंडाला मात्र काठी लागू देऊ नये.

पहिली परीक्षा : वीज तोडून पाहणे

पंप नेहमीप्रमाणे चालू असताना एकाने वीज तोडावी व दुसऱ्याने थरथरीकडे लक्ष ठेवावे. वीज तोडल्या क्षणीच, फेरे अजून पुष्कळ असताना, थरथर नाहीशी झाली तर दोष विजेच्या बाजूला समजावा. फेरे जसजसे कमी होतील तसतशी थरथरही हळूहळू ओसरत गेली तर दोष यंत्राचा आहे. पाण्याने भरलेला पंप काही सेकंदांतच थांबतो. म्हणून ही परीक्षा दोन-तीनदा करावी. मात्र मोटर लागोपाठ चालू-बंद करू नये. प्रत्येक वेळी ती निवू द्यावी, कारण सुरू होताना मोटर नेहमीच्या कित्येक पट वीज घेते व तापते.

दोष विजेचा दिसला तर वीजतंत्र्याकडून तिन्ही फेजांचा दाब मोजून घ्यावा. फीडरच्या शेवटच्या टोकावरील पंपांना दाब कमी मिळतो, आणि तिन्ही फेजांत तो सारखा नसतो. एक फेज गेलेली असताना मोटर चालत राहिली तर ती जोराने गुणगुणते, थरथरते व तापते. असा पंप तसाच रात्रभर चालला तर सकाळी वायंडिंगचा कोळसा झालेला आढळतो. एक फेज जाताच मोटर बंद करणारा प्रिव्हेंटर बसविणे हा या संकटावरील स्वस्त उपाय आहे. ज्या शेतांवर रात्रीच्या पाळीला वीज मिळते व ऑटो स्विचवर भिस्त असते, तेथे तो अवश्य असावा. कारण रात्री पंपाची तक्रार ऐकण्यास जवळ कोणी नसते.

दुसरी परीक्षा : मोटर सुटी चालविणे

मोटर व पंप कपलिंगने किंवा पट्ट्याने जोडलेले असतील तर वीज तोडून जोड सोडवावा आणि मोटर एकटी चालवून पाहावी. एकटी मोटर थरथरत असेल तर दोष तिच्यात किंवा तिच्या बैठकीत आहे. मोटर शांत चालत असेल तर दोष जोडात किंवा पंपात शोधावा.

जोड तपासण्यास लोखंडी सरळ पट्टी पुरते. कपलिंगच्या दोन्ही चकत्यांवर ती वर, खाली, उजवीकडे व डावीकडे अशी चार ठिकाणी टेकून पाहावी. पट्टीखाली कोठेही फट दिसता कामा नये. त्याचप्रमाणे दोन चकत्यांमधील अंतर चारही बाजूंस सारखे आहे किंवा नाही, हे फीलर गेजने पाहावे. रबरी बुशांचे कपलिंग कितीही वाकडे चालते, असा एक समज आहे. रबर थोडा वाकडेपणा सोसते हे खरे. परंतु त्याचा जाच अखेर बेअरिंगलाच होतो.

मोनोब्लॉक पंपात मोटर व पंप एकाच दंडावर असतात. तेथे जोड सोडविता येत नाही आणि जोड वाकडा असण्याचाही प्रश्न उरत नाही. अशा पंपाच्या बाबतीत पहिल्या परीक्षेवरून थेट तिसरीकडे वळावे. बोअरमधील सबमर्सिबल पंप तर डोळ्यांनाही दिसत नाही. त्याच्या बाबतीत विहिरीच्या तोंडाशी पाइपाची थरथर, अँपिअर मीटरच्या काट्याचे हेलकावे आणि पाण्यातून येणारी रेती या तीन खुणांवर लक्ष ठेवावे.

तिसरी परीक्षा : पाय, पाया आणि पाइप

चार पायांच्या खाटेचा एक पाय आखूड असला की खाट डुगडुगते. पंपाचे तसेच आहे. फरक इतकाच, की बोल्ट आवळल्यामुळे डुगडुग दिसत नाही. मोटरीचा सांगाडाच पिळला जातो. वीज तोडून एक एक बोल्ट सैल करावा व त्या पायाखाली दाढीचे पाते सारून पाहावे. पात्याची जाडी सुमारे ०.१ मिलिमीटर असते. पाते आत गेले तर तो पाय आखूड आहे. त्याखाली तेवढ्याच जाडीची पत्र्याची चकती घालून बोल्ट पुन्हा आवळावा आणि मग पुढच्या पायाकडे वळावे. चारही बोल्ट एकदम सोडू नयेत.

काँक्रीटचा पाया असेल तर बैठकीच्या पत्र्यावर लहान हातोडीने ठोकून पाहावे. भरीव आवाज आला तर ठीक; पोकळ आवाज आला तर खालचा गारा सुटला आहे असे समजावे. पायाच्या काँक्रीटचे वजन पंप व मोटर यांच्या एकत्र वजनाच्या निदान तिप्पट असावे, असा सर्वसाधारण दंडक आहे. चिचगडच्या बाजूस पायाखालील मातीकडेही पाहणे अगत्याचे आहे. कन्हारासारखी चिकण काळी माती ओली झाली की मऊ पडते. पंपाच्या ग्लँडमधून किंवा सांध्यातून पाणी गळत राहिले तर पायाच मऊ मातीत डोलू लागतो. गळती थांबविणे व पाण्याला चर काढून देणे, एवढ्यानेही कित्येकदा गुण येतो.

पाइपाचे वजन पंपावर टांगलेले नसावे. फ्लँजचे बोल्ट सोडताच पाइप एखाद्या बाजूस उडी मारत असेल, तर तो जबरदस्तीने ओढून बसविलेला आहे व तो पंपाला सतत पिळत आहे, हे स्पष्ट होय. पाइपाला दगडी खांबाचा किंवा लोखंडी टेकूचा स्वतंत्र आधार हवा.

चौथी परीक्षा : पाण्याची बाजू

पौषात शांत चालणारा पंप चैत्रात खडखडू लागला, आणि पंपात कोणी गोटे टाकले आहेत असा आवाज येऊ लागला, तर प्रथम विहिरीतील पाण्याची पातळी पाहावी. पंप पाणी ओढतो असे आपण म्हणतो. वास्तविक हवेचा दाब ते वर ढकलतो. हवेच्या पूर्ण दाबानेही पाणी सुमारे १०.३ मीटरपेक्षा वर चढू शकत नाही. पाइपातील घर्षण व इतर तूट जमेस धरता पंप पाण्यापासून सुमारे ६ मीटरच्या आत असावा, आणि साडेचार मीटरच्या आत असेल तर अधिक चांगले. अंतर याहून वाढले की पंख्याच्या तोंडाशी दाब इतका उतरतो, की पाणी न तापताच तेथे वाफेचे बुडबुडे धरते. हे बुडबुडे पुढे अधिक दाबात जाताच फुटतात. त्यांच्या आघाताने पंख्याचा धातू टोचल्यासारखा झिजतो, आणि पंप खडखडतो तो त्यामुळेच.

याची खूण सोपी आहे. डिलिव्हरीचा व्हॉल्व्ह थोडा आवळावा. पाणी कमी होताच खडखड कमी झाली तर दोष सक्शनच्या बाजूस आहे. व्हॉल्व्ह फार वेळ बंद ठेवू नये. आतले पाणी तापते. मग फूटव्हॉल्व्हची जाळी पाने व शेवाळ यांनी भरली आहे काय, पाइप मधेच चेपला आहे काय, तो पंपाकडे सतत चढता आहे की मध्ये कमान होऊन तेथे हवा अडकते, हे क्रमाने पाहावे. सांध्यातून हवा शिरते अशी शंका असल्यास पंप चालू असताना सांध्यांवर साबणाचा फेस लावावा. जेथे फेस आत ओढला जाईल तेथे गळती आहे. पाणी खाली गेल्यावर उपाय एकच, तो म्हणजे पंप खाली उतरविणे. जाडजूड पाया बांधून ही खडखड थांबत नाही.

निरोगी पंपही थरथरतो तेव्हा

चारही परीक्षांत कोणताच मोठा दोष आढळत नाही, आणि तरीही पंप अंग झटकल्यासारखा हलतो, असेही होते. अशा वेळी संशय घ्यावा तो अनुनादाचा.

अनुनाद म्हणजे काय, हे पाण्याने भरलेली घागर डोक्यावर घेऊन चालणाऱ्या स्त्रीला पुस्तकाशिवाय ठाऊक असते. घागरीतील पाण्याला हेलकावण्याचा स्वतःचा एक ताल असतो. पावलांचा ताल त्याच्याशी जुळला की चाल साधी असूनही पाणी उसळून सांडते. त्यावर तीन उपाय आहेत. चाल थोडी बदलावी. घागर कमी-अधिक भरावी. किंवा पाण्यावर पाने अथवा डहाळी टाकावी, म्हणजे हेलकावा मोडतो. पंपाची बैठक, तिची लोखंडी चौकट आणि पाइप यांनाही असाच स्वतःचा ताल असतो. त्यास स्वाभाविक कंपसंख्या म्हणतात. यंत्राच्या फेऱ्यांचा ताल तिच्याशी जुळला की एरवी हाताला न कळणारा हिसका अनेक पटींनी वाढतो. १८३१ साली इंग्लंडात मँचेस्टरजवळ ब्रॉटन येथील झुलता पूल पावले मिळवून चालणाऱ्या सैनिकांच्या तालाने हलू लागला व त्याचे एक टोक कोसळले. साखळीचा एक बोल्ट तुटला होता. पुलावर पावले मिळवून चालू नये असा दंडक सैन्यात त्यानंतर पडला. तालाने दुबळा सांधा कसा शोधून काढला, हे त्यात पाहण्यासारखे आहे.

असाच एक पंप डोळ्यांपुढे आणू. पावसाळ्यात नाल्याला पूर येतो म्हणून तो उचलून नेता यावा अशा लोखंडी कोनांच्या उंच चौकटीवर बसविलेला आहे. मोटर १४४० फेऱ्यांची आहे. हंगामात दोन वेळा बेअरिंग बदलूनही थरथर जात नाही. बारकाईने पाहिले तर पंप आडवा, म्हणजे उजवीकडे-डावीकडे, फार हलतो. वर-खाली जवळजवळ हलत नाही. ही पहिली खूण. वीज तोडली तर थरथर त्या क्षणी जात नाही, पण फेरे थोडे उतरताच ती एकदम मावळते. असमतोलाप्रमाणे शेवटपर्यंत रेंगाळत नाही. ही दुसरी खूण. पंप बंद करून चौकटीच्या आडव्या बाजूस लाकडाचा टेकू घट्ट बसविला व पंप पुन्हा सुरू केला, तर थरथर निम्म्याहून कमी होते. ही तिसरी खूण. तीन खुणा जुळल्या की निदान पक्के झाले. दोष पंपात नाही. चौकटीचा ताल सेकंदाला २४ च्या जवळपास आहे आणि पंपाचा तालही तोच आहे.

उपायही आता सोपा होतो. चौकटीच्या दोन्ही बाजूंस तिरक्या पट्ट्या जोडून घ्याव्यात. ताठपणा चौपट झाला की स्वाभाविक कंपसंख्या दुप्पट होते. यंत्राच्या तालापासून ती निदान २० टक्के दूर असावी. म्हणजे २४ च्या पंपासाठी चौकटीचा ताल १९ च्या खाली किंवा २९ च्या वर असला पाहिजे. थरथरणाऱ्या लांब पाइपाच्या बाबतीत तर मधोमध एक आधार देणे बस्स होते. दोन आधारांमधील अंतर निम्मे झाले की पाइपाची कंपसंख्या सुमारे चौपट होते.

येथे एका चुकीच्या उपायाविषयी सांगणे अवश्य आहे. पंप हलतो म्हणून त्याच्या चौकटीवर वाळूचे पोते किंवा दगड ठेवण्याची पद्धत आहे. वजनाने चौकटीचा ताल मंद होतो. तो आधीच पंपाच्या तालाच्या खाली असेल तर अंतर वाढून गुण येतो; परंतु तो वर असेल तर वजनाने खाली येऊन नेमका पंपाच्या तालाशी जुळतो, आणि थरथर वाढते. एकाच्या शेतात पोत्याने काम झाले व दुसऱ्याच्या शेतात बिघडले, याचे कारण हे आहे. ताठपणा वाढविणे हा सामान्यतः अधिक भरवशाचा मार्ग होय.

दोन पंप शेजारी असता

सामाईक उपसा योजनेच्या पंपघरात दोन पंप एकाच वेळी चालू असताना आवाज चढतो, उतरतो व पुन्हा चढतो, असे आढळते. एक पंप १४४० आणि दुसरा १४३० फेरे घेत असेल तर त्यांचे हिसके मिनिटाला १० वेळा एकत्र येतात. म्हणजे दर ६ सेकंदांनी थरथर वाढते. हा चढउतार स्वतः दोष नव्हे. एक एक पंप बंद करून पाहावे, व जो एकटाही अधिक हलतो त्याची परीक्षा करावी.

सौर पंपांची विशेष गोष्ट

२०१९ साली पीएम-कुसुम योजना सुरू झाल्यापासून सौर पंपांचा प्रसार वाढला आहे. विजेच्या पंपाची गती बहुधा ठरलेली असते. सौर पंपाची गती उन्हाबरोबर बदलते. सकाळी तो मंद फिरतो, दुपारी वेगाने आणि सायंकाळी पुन्हा मंद. त्यामुळे विहिरीच्या काठावर बसविलेला सौर पंप दररोज सकाळी एका ठराविक सुमारास थरथरतो, दुपारी शांत होतो आणि ऊन उतरताना पुन्हा थरथरतो, असे आढळल्यास ते अनुनादाचे उघड लक्षण समजावे. चढत्या व उतरत्या गतीत तो बैठकीच्या तालातून दोनदा जातो. पंपात बिघाड शोधण्यापेक्षा बैठक ताठ करावी.

धानाच्या गिरणीत

गोंदिया जिल्हा भातगिरण्यांसाठी प्रसिद्ध आहे. गिरणीतील मोटरींना हीच परीक्षा लागू पडते. तेथे पट्टा सोडून मोटर एकटी चालवावी. पट्ट्याचा कंप मोटरीच्या फेऱ्यांहून मंद असतो व तो पट्ट्याच्या जोडापाशी किंवा झिजलेल्या जागी उमटतो. दोन्ही पुल्या एका रेषेत आहेत काय, हे दोरी ताणून पाहावे. चाळण्या मुद्दाम हलविलेल्या असतात. त्यांचे हलणे हा दोष नव्हे. मात्र चाळणीचा ताल माळ्याच्या किंवा पत्र्याच्या भिंतीच्या तालाशी जुळला तर सगळी इमारत कापू लागते. तेथे माळ्यास खालून खांब देणे योग्य ठरते.

दुर्लक्षाची किंमत

कंपाकडे दुर्लक्ष केल्यास काय होते, याचा मोठा दाखला रशियात घडला. येनिसेई नदीवरील सायानो-शुशेन्स्काया जलविद्युत केंद्रात १७ ऑगस्ट २००९ रोजी एका जलचक्राचे झाकण धरून ठेवणारे बोल्ट तुटले. प्रचंड यंत्र पाण्याच्या दाबाने वर फेकले गेले, यंत्रघरात पाणी शिरले व ७५ माणसे मृत्यू पावली. तपासणीत बोल्टांना थकव्याच्या भेगा आढळल्या. ते यंत्र त्यापूर्वी अधिकाधिक थरथरत होते. तरी ते चालूच ठेवण्यात आले होते. शेतावरील पाच अश्वशक्तीचा पंप आणि नदीवरचे ते राक्षसी यंत्र यांत आकाराचे अंतर फार मोठे आहे. नियम मात्र एकच. वारंवार बसणारा लहानसा हिसका पोलादालाही थकवितो, आणि थकलेले पोलाद तुटताना पुन्हा सूचना देत नाही.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांसाठी

हंगामाच्या आरंभी, पंप निरोगी असताना, त्याची नोंद करून ठेवणे हे सर्वांत मोलाचे काम आहे. निरोगी पंप कसा चालत होता हे ठाऊक असले तरच बिघडलेला ओळखू येतो. साध्या वहीत तारीख, पाण्याची पातळी, तिन्ही फेजांचा दाब, अँपिअर मीटरचा आकडा, बेअरिंगवर हात ठेववतो की चटका बसतो, आणि कंप कोणत्या दिशेला जाणवतो, एवढे लिहावे. मोबाइल संचातही कंप जाणणारा भाग असतो. तो संच दर वेळी एकाच जागी, न फिरणाऱ्या भागावर घट्ट टेकवून घेतलेले आकडे पूर्वीच्या आकड्यांशी ताडून पाहण्यास उपयोगी पडतात.

पंप थरथरू लागल्यास पुढील प्रश्न याच क्रमाने विचारावेत :

१. वीज तोडताच थरथर जाते काय? जात असल्यास तिन्ही फेज व मोटर तपासून घ्यावी.

२. मोटर एकटी शांत चालते काय? चालत असल्यास जोड व पंप पाहावा.

३. चारही पाय टेकले आहेत काय? पाया भरीव व कोरडा आहे काय? पाइप पंपाला पिळत नाही ना?

४. डिलिव्हरी आवळल्यास खडखड कमी होते काय? होत असल्यास सक्शन व पाण्याची पातळी पाहावी.

५. थरथर एकाच दिशेला आहे काय? फेरे थोडे उतरताच मावळते काय? टेकूने कमी होते काय? तसे असल्यास बैठक ताठ करावी. पंप उघडू नये.

६. पंख्यात शेवाळ, चिंधी किंवा गाळ अडकला आहे काय? पंप उघडण्याची वेळ येईल तेव्हा हे प्रथम पाहावे व त्यानंतरच बेअरिंगकडे वळावे.

मिस्त्रीला निरोप पाठविताना केवळ पंप हलतो असे न कळविता या प्रश्नांची उत्तरे कळवावीत. देवरीहून किंवा आणखी दुरून येणारा मिस्त्री मग योग्य तो सुटा भाग व हत्यारे घेऊनच निघेल, आणि एक खेप वाचेल. धान निसवण्याच्या दिवसांत वाचलेली एक खेप म्हणजे बांधीला वेळेवर मिळालेले एक पाणी होय.